आरक्षणावर सगळ्यांचे मत, तिजोरीवर कोणाचेच नाही

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही पंधरा-वीस मुलामुलींना दोन तारखा विचारल्या. ६ डिसेंबर १९९२ ला काय झाले? सगळे हात वर. एका मुलीने तर तो बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचाही दिवस आहे, हे आम्हालाच ठणकावून सांगितले. मग विचारले, २४ जुलै १९९१ ला काय झाले? हात वर आला एकच. एमपीएससी करणारा मुलगा. म्हणाला, "सर, त्या दिवशी मनमोहन सिंगांचे बजेट आले होते. माझे वडील सांगतात. ते एका सरकारी महामंडळात हेल्पर होते. त्यांच्या खात्यातली अकरा माणसे निवृत्त झाली, त्या जागांवर एकही कायम माणूस आला नाही. वडील म्हणतात, आपला दरवाजा कोणी बंद केला ते दिसलेच नाही, कारण तो कोणी आपटला नाही."

त्या मुलाच्या वडिलांनी जे एका वाक्यात सांगितले त्यावर राज्यशास्त्रात चांगले संशोधन झालेले आहे. दुर्दैवाने ते इंग्रजीत आहे आणि आपल्या चळवळीच्या व्यासपीठांवर त्याची चर्चा फारशी झाली नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

आधी १९९१ चा उन्हाळा आठवू. देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. आखाती युद्धाने तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला. परदेशी बँकांनी अल्प मुदतीची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला. पतमानांकन संस्थांनी भारताची पत खाली आणली. अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांत ठेवलेले डॉलर काढून घ्यायला सुरुवात केली. चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारने मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या एका बँकेला, परत विकत घेण्याच्या अटीवर, विकले. त्यातून सुमारे २० कोटी डॉलर मिळाले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे आणखी सुमारे ४७ टन सोने मुंबईच्या विमानतळावरून विमानाने गेले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण पडले. त्यावर ४० कोटी डॉलरचे कर्ज उभे राहिले. लोकांना हे कळले ते एका इंग्रजी दैनिकात बातमी फुटली तेव्हा.

आता याच काळात देशात चर्चा कशाची होती? ७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा केली होती. १३ ऑगस्टला त्याचा आदेश निघाला आणि उत्तर भारतातली विद्यापीठे पेटली. २५ सप्टेंबरला अडवाणींचा रथ सोमनाथहून निघाला. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष चालू होते, भारतरत्न जाहीर झाले होते, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्र लागले होते. मे-जून १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत बोलले गेले ते मंडलवर, मंदिरावर आणि राजीव गांधींच्या हत्येनंतर स्थैर्यावर. पैशाबद्दल काँग्रेसच्या जाहीरनाम्यात एक ठळक वचन होते : शंभर दिवसांत भाव जुलै १९९० च्या पातळीवर आणू. मतदाराने महागाईच्या रागात मत दिले असेल तर या वचनाला दिले.

२१ जूनला नरसिंह राव यांनी शपथ घेतली. १ जुलैला आणि पुन्हा ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले, दोन्ही मिळून सुमारे १८ टक्के. सरकार अल्पमतातले होते आणि लोकसभेत त्याने विश्वासमत अजून सिद्धही केले नव्हते. ते झाले जुलैच्या मध्यावर. २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. भाव खाली आणण्याचे वचन अर्थमंत्र्यांनी पाळणे शक्य नसल्याचे सांगून टाकले होते. आम्ही इथे १९९१ चे सगळे निर्णय चुकीचेच होते असे म्हणत नाही. गंगाजळी खरोखरच रिकामी होती आणि कोणतेही सरकार असते तरी काहीतरी कडू करावे लागलेच असते. पण परदेशात बसलेल्या ठेवीदाराने पैसा काढून आपले मत नोंदवले, पतमानांकन संस्थेने एक अक्षर खाली उतरवून आपले मत नोंदवले, नाणेनिधीने अटी घालून आपले मत नोंदवले. मराठवाड्यातल्या शेतमजुराकडे मताचा अधिकार होता, पण त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

इथे आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाचा अभ्यास येतो. वार्ष्णेय पुढे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात गेले. हिंदू-मुस्लीम दंगलींवरच्या त्यांच्या कामासाठी ते जास्त ओळखले जातात. १९९८-९९ च्या सुमारास त्यांनी आर्थिक सुधारणांवर एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा होता की, लोकशाही देशात, तेही अल्पमताच्या सरकारला, एवढे मोठे आर्थिक बदल लोकांचा उठाव न होता करता कसे आले? उत्तरासाठी त्यांनी एप्रिल ते जुलै १९९६ मध्ये झालेल्या मतदारांच्या एका प्रचंड सर्वेक्षणाचे आकडे घेतले. म्हणजे सुधारणा सुरू होऊन पाच वर्षे झाल्यानंतरचे.

ते आकडे वहीत लिहून ठेवावेत असे आहेत. देशात आर्थिक सुधारणा झाल्या आहेत याची माहिती असलेले मतदार होते फक्त १९ टक्के. शहरांत ३२ टक्के, खेड्यांत १४ टक्के. पदवीधरांपैकी ६६ टक्क्यांना ठाऊक होते. गरिबांपैकी, ज्यांत बहुतेक निरक्षर होते, केवळ ७ टक्क्यांना. आणि याच मतदारांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना अयोध्येतली मशीद पाडल्याचे ठाऊक होते. समान नागरी कायदा हवा की नको यावर ८० टक्क्यांचे ठाम मत होते. जातीवर आधारित आरक्षणावर? ८७ टक्क्यांचे.

८७ आणि १९. आमच्या मते गेल्या पस्तीस वर्षांतले बहुजनांचे राजकारण या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत हरवलेले आहे.

वार्ष्णेय यावर असे सांगतात : राजकारणाचे दोन आखाडे असतात. एक जनतेचा. तिथे निवडणुका, मोर्चे, दंगली, बंद असतात. दुसरा वरच्या वर्गाचा. तिथे मंत्रालये, उद्योगपतींच्या संघटना, वृत्तपत्रांची अर्थपाने, बंद दाराआडच्या बैठका असतात. एखादे धोरण पहिल्या आखाड्यात उतरणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरते. किती लोकांवर परिणाम होतो, ते लोक किती संघटित आहेत, आणि परिणाम थेट व लगेच दिसतो की आडवळणाने व उशिरा. आयात कर, विनिमय दर, शेअर बाजार, परकीय गुंतवणूक हे विषय दुसऱ्या आखाड्यात राहिले, म्हणून तिथे बदल झपाट्याने झाले. खताचा भाव मात्र पहिल्या आखाड्यात उतरला. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. खासदार खवळले, स्वपक्षाचेसुद्धा, आणि वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळावे लागले. म्हणजे ज्याला दुखले आणि ज्याला ओरडता आले त्याचे सरकारने ऐकले.

त्या वर्षांत जनतेचा आखाडा मंडल आणि मंदिराने व्यापला होता, त्यामुळे अर्थकारणाला वाट मोकळी मिळाली, असे वार्ष्णेय यांचे म्हणणे. ओळखीचे राजकारण एका बाजूला आणि अर्थकारण दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आहे. आकड्यांबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत, ही वाटणी मात्र आम्हाला मान्य नाही. आरक्षण हा ओळखीचा प्रश्न आणि रुपया हा पोटाचा प्रश्न, असे ज्याला वाटते त्याने जात वरून पाहिली आहे. कोणी काय काम करायचे, कोणाच्या हातात रोख पैसा पडायचा आणि कोणाच्या हातात शिळी भाकरी, हे जातीनेच ठरवले. १९३६ साली बाबासाहेबांनी जातीची चिकित्सा केली तेव्हा श्रम करणाऱ्या माणसांचीच जातीने कशी फाळणी केली हेच दाखवले होते. आरक्षण हे सरकारी तिजोरीतून पगार मिळणाऱ्या जागांचे वाटप आहे. तिजोरी आकसली की वाटप आकसते. मग मंडलचा आदेश अर्थकारणाबाहेरचा कसा? त्याच्यावर देश पेटला तो नोकरीसाठीच ना?

याचा पुरावा सरकारी कागदांतच आहे. १३ ऑगस्ट १९९० चा मंडलचा आदेश हे केंद्राच्या कार्मिक विभागाचे एक कार्यालयीन ज्ञापन. थोड्या पानांचा कागद. त्याच विभागाने १६ मे २००१ ला आणखी एक ज्ञापन काढले. विषय होता, सरळसेवा भरतीचे 'इष्टतमीकरण'. शब्द किती गोड! त्याआधी फेब्रुवारी २००१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी हिशेब मांडला होता. दरवर्षी सुमारे ३ टक्के कर्मचारी निवृत्त होतात, नवी भरती १ टक्क्यावर रोखायची, म्हणजे दरसाल २ टक्के आणि पाच वर्षांत १० टक्के कर्मचारी कमी. मे महिन्याच्या ज्ञापनाने तेच अमलात आणले : रिकाम्या होणाऱ्या सरळसेवेच्या जागांपैकी एक तृतीयांशच भरायच्या, त्याही एकूण संख्येच्या १ टक्क्याच्या आत. उरलेल्या रद्द करायच्या. ही योजना मार्च २००९ पर्यंत चालू राहिली. (हेच यशवंत सिन्हा १९९१ मध्ये सोने विकले गेले तेव्हाही अर्थमंत्री होते.)

आता तुलना करा. पहिल्या कागदाने २७ टक्के जागा इतर मागासवर्गीयांना दिल्या. त्यावर आत्मदहने झाली, एक सरकार पडायला हातभार लागला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि १६ नोव्हेंबर १९९२ ला इंद्रा साहनी निकाल आला. दुसऱ्या कागदाने प्रत्येक तीन रिकाम्या जागांपैकी दोन पुसून टाकल्या. त्यात अनुसूचित जातीच्या होत्या, जमातीच्या होत्या, ओबीसींच्या होत्या, खुल्याही होत्या. त्यावर किती बस जळाल्या? किती संपादकीये आली? आपल्या किती मोर्चांच्या मागणीपत्रकात १६ मे २००१ ही तारीख होती? आम्ही स्वतः तेव्हा चळवळीत होतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, आम्हाला ती तारीख अनेक वर्षांनी कळली. बिंदुनामावलीतल्या एका बिंदूसाठी आम्ही कार्यालयात घेराव घालत होतो, अनुशेष भरा म्हणून घोषणा देत होतो, आणि तोवर ज्या पदांचा अनुशेष मोजायचा ती पदेच पुसली जात होती.

वार्ष्णेय यांची तिसरी कसोटी इथे अचूक लागू पडते. परिणाम आडवळणाने आणि उशिरा होतो. कोणा एकाची नोकरी नाव घेऊन काढली असती तर वस्ती रस्त्यावर आली असती. इथे कोणाची काढलीच नाही. एक माणूस निवृत्त झाला, त्याला शाल-श्रीफळ मिळाले आणि त्याच्या खुर्चीसोबत पदही गेले. ज्याला ती नोकरी मिळायची होती तो तेव्हा सातवीत होता. त्याने मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा?

देशाच्या सरकारी आकडेवारीत ही घसरण दिसते. केंद्र, राज्ये, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक उपक्रम मिळून सरकारी क्षेत्रात १९९७ साली सुमारे १ कोटी ९५ लाख नोकऱ्या होत्या. २०१२ पर्यंत त्या सुमारे १ कोटी ७६ लाखांवर आल्या. या काळात लोकसंख्या वाढली, आपली पदवीधर मुले कित्येक पटींनी वाढली.

कोणी म्हणेल, याचा जागतिक वित्ताशी काय संबंध? सरकारी खर्च आपल्याच सरकारने कापला. संबंध आहे. लेना मोस्ली या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रोख्यांत पैसा गुंतवणारे लोक देशांकडे पाहताना नक्की काय बघतात याचा शोध घेतला. त्यासाठी त्यांनी गुंतवणूकदारांच्या मुलाखतीही घेतल्या. त्यांना आढळले की श्रीमंत देशांच्या बाबतीत हे लोक महागाई आणि वित्तीय तूट असे दोन-चार ठोक आकडे बघतात. तो देश पैसा शाळेवर खर्च करतो की पोलिसांवर, याची फारशी फिकीर करत नाहीत. गरीब देशांच्या बाबतीत मात्र तपासणी बारीक होते, खर्चाच्या आतल्या रकान्यांपर्यंत जाते. म्हणजे बाजारासमोरही वर्णव्यवस्था आहेच : वरच्याला मोकळीक, खालच्याला झडती. या झडतीला उत्तर देताना तूट कमी दाखवायची तर कात्री कुठे लागणार? संरक्षणावर लावणे अवघड, व्याज चुकवणे अशक्य, उद्योगांच्या सवलतींना हात लावला तर दुसरा आखाडा ओरडतो. उरते ती भरती. २००३ साली वित्तीय तुटीला मर्यादा घालणारा कायदाच झाला. त्या कायद्यात आरक्षण हा शब्द कुठेही नाही आणि तरीही आरक्षणावर त्याचा परिणाम कोणत्याही न्यायालयीन निकालाइतकाच झाला.

रॉब जेन्किन्स या दुसऱ्या एका राज्यशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये भारतातल्या या पद्धतीला चोरपावलांनी केलेल्या सुधारणा म्हटले. समोरच्या दाराने जे नेता येत नाही ते मागच्या दाराने न्यायचे. कामगार कायदे बदलायचे नाहीत, पण कंत्राटी भरती वाढू द्यायची. 'खासगीकरण' म्हणायचे नाही, 'निर्गुंतवणूक' म्हणायचे. १९९१-९२ मध्ये सार्वजनिक उपक्रमांचे भाग गठ्ठे बांधून वित्तसंस्थांना विकले आणि तीन हजार कोटींवर रुपये जमा केले, तेव्हा ते फक्त तूट भरायचे साधन वाटले. दहा वर्षांत मालकीच हातातून गेली. मॉडर्न फूड्स, बाल्को, विदेश संचार निगम, हिंदुस्थान झिंक, आणि आपल्या नागोठण्याचा कारखाना ज्या कंपनीचा होता ती आयपीसीएल.

बाल्कोजवळ जरा थांबू. छत्तीसगडमधल्या कोरबाचा हा ॲल्युमिनियम कारखाना. मार्च २००१ मध्ये केंद्राने त्याचे ५१ टक्के भाग स्टरलाइटला ५५१ कोटी ५० लाख रुपयांना दिले. कामगारांनी ६७ दिवस संप केला. राज्याचे मुख्यमंत्री अजित जोगी विरोधात उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कामगारांचे एक म्हणणे आपल्या दृष्टीने फार मोलाचे होते. कंपनी सरकारी असेपर्यंत ती घटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्य' आहे, म्हणून आम्हाला कलम १४ आणि १६ चे संरक्षण आहे. ५१ टक्के भाग विकले की एका सहीने हे संरक्षण संपते, आणि आम्हाला कोणी विचारलेही नाही. आदिवासींकडून कारखान्यासाठी घेतलेली जमीन खासगी मालकाला कशी देता, हाही मुद्दा होता. १० डिसेंबर २००१ ला निकाल आला. दोन्ही मुद्दे फेटाळले. निर्गुंतवणूक हा धोरणाचा, गुंतागुंतीच्या आर्थिक बाबींचा प्रश्न आहे, त्यात न्यायालय पडणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर गेले की तो घटनेचा प्रश्न. ज्यावर आरक्षण लागते ती कंपनीच विकली की तो धोरणाचा प्रश्न! कलम १६(४) मधला एक स्वल्पविराम न हलवता त्याच्याखालची जमीन काढून घेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आज जो संविधान बचाव म्हणतो त्याने हा निकाल आधी वाचावा.

"हे विषय फार तांत्रिक असतात, लोकांना विचारून कसे चालेल?" हा प्रश्न आम्हाला आमच्याच काही प्राध्यापक मित्रांनी विचारला. त्यांच्यासाठी आइसलँडची गोष्ट. २००८ साली तिथल्या खासगी बँका कोसळल्या. त्यातल्या एका बँकेने ब्रिटन आणि नेदरलँडमधल्या लोकांच्या ठेवी घेतल्या होत्या. त्या देशांनी ती रक्कम आइसलँडच्या सरकारकडे मागितली. सव्वातीन लाख वस्तीचा देश. माणशी कर्ज किती ते तुम्हीच बघा. संसदेने परतफेडीचा कायदा केला, पण मतदारांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी सह्या केलेला अर्ज आल्यावर राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही नाकारली. मार्च २०१० मध्ये सार्वमत झाले, ९० टक्क्यांवर लोक 'नाही' म्हणाले. सुधारित अटी आल्या, एप्रिल २०११ मध्ये पुन्हा विचारले. पुन्हा सुमारे ६० टक्के 'नाही'. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयीन निकालही आइसलँडच्या बाजूने लागला. उलटे उदाहरणही आहे. ५ जुलै २०१५ ला ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या सरकारने तशाच कडक अटी मान्य केल्या. म्हणजे विचारल्याने जिंकता येतेच असे नाही. पण निदान तिथल्या मच्छीमाराला आणि निवृत्त शिक्षिकेला प्रश्न काय आहे ते कळले. आपल्याकडे १९९६ मध्ये खेड्यातल्या १०० पैकी ८६ जणांना प्रश्न होता हेच माहीत नव्हते.

आणि तांत्रिक म्हणाल तर रुपयाचा प्रश्न कोणाला शिकवता? दरवर्षी १ एप्रिलला आपल्या मोबाइलवर एक चित्र फिरते : बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली. आपण अभिमानाने पुढे ढकलतो. ते पुस्तक उघडतो किती जण? 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी घसरली, तिच्यासोबत रुपया घसरला, १८९३ मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद झाल्या, त्या साऱ्या काळाचा हिशेब आहे. त्या वेळी अनेक जण म्हणत, रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो. बाबासाहेबांनी त्यावर विचारले, देशाचा म्हणजे कोणाचा? भाव चढतात तितक्या वेगाने मजुरी चढत नाही. व्यापाऱ्याच्या हातात जो नफा पडतो तो मजुराच्या ताटातून निघालेला असतो. परदेशातून काही आलेले नसते. देशातल्या एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेलेले असते. १५ डिसेंबर १९२५ ला हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. एका पौंडाला किती रुपये यावर तेव्हा मुंबईचे उद्योगपती आणि सरकार भांडत होते, आणि दोघेही 'देशहित' हाच शब्द वापरत होते.

हाच चष्मा लावून १९९१ चे अवमूल्यन पाहा. १९९१-९२ मध्ये महागाई दोन आकडी होती, आणि शेतमजुरांसाठीचा किंमत निर्देशांक घाऊक किमतींपेक्षा जास्त वेगाने चढला. बाबासाहेबांच्या पुस्तकानंतर ६८ वर्षांनी तोच मजूर, तीच मजुरी, तेच 'देशहित'.

आपल्या चळवळीत यावर वाद झालाच नाही असे नाही. आनंद तेलतुंबडे नव्वदच्या दशकापासून या धोरणांचा दलितांवर काय परिणाम होतो ते लिहीत आले. गेल ऑम्व्हेट यांना वाटत होते की सरकारी नियंत्रण म्हणजे शेवटी ब्राह्मणी नोकरशाहीचेच नियंत्रण, ते सैल झाले तर बहुजनांना वाव मिळेल. जानेवारी २००२ च्या भोपाळ परिषदेने खासगी भांडवलात आणि सरकारी खरेदीत वाटा मागितला. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर सुरू झाले. बाजाराने जात मोडते असे मानणाऱ्यांची आम्ही टिंगल करत नाही. गावातल्या पाणवठ्यापेक्षा शहरातला कारखाना बरा, हे आपल्या आजोबांनी गिरणीत जाऊन सिद्ध केले आहे. पण हा वाद विचारवंतांच्या पुस्तकांत आणि परिषदांत राहिला. वस्तीत उतरला नाही. वार्ष्णेय यांच्या भाषेत, आपल्यातही दोन आखाडे झाले.

आणि वस्ती तेव्हा रिकामी बसली नव्हती. १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण नामांतरासाठी लढत होतो; घरे जळाली, माणसे मेली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण गेले. ज्याच्या दारात प्रेत आहे त्याने राजपत्रातला वित्त विभागाचा कागद का वाचला नाही, असे विचारणे हा उद्धटपणा होईल. नामांतर हवेच होते. आम्ही एवढेच म्हणतो की विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले त्याच वर्षांत त्या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलाची जागा पुसली जात होती, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणारा माणूस आपल्या बैठकीत नव्हता.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता, असे १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचताना वाटते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा, शेती राज्याची, हे तर त्यात आहेच. पण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांना ही आर्थिक रचना साध्या कायद्याने नको होती, संविधानातच लिहून हवी होती. कारण साधे. कायद्याने दिलेले पुढचे बहुमत काढून घेऊ शकते. २००१ मध्ये तर बहुमताचीही गरज पडली नाही. एका ज्ञापनाने काम झाले. ती मागणी संविधान सभेत टिकली नाही. राहिले ते कलम १६(४), पाया नसलेल्या भिंतीसारखे.

पुढच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही १६ मे २००१ च्या ज्ञापनाच्या वीस झेरॉक्स प्रती काढल्या आहेत, आणि त्याचे मराठी भाषांतर त्या एमपीएससीवाल्या मुलाने करायला घेतले आहे. 'ऑप्टिमायझेशन'ला मराठीत काय लिहू, असे त्याने परवा फोन करून विचारले. सरकारी परिभाषेत 'इष्टतमीकरण' म्हणतात, असे आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वडिलांना विचारून बघतो, त्यांच्याकडे याला दुसरा शब्द असेल.